कथा, पटकथा, भारनियमन

मालिकेच्या शेवटी पाट्या पळतात. कथा अमुक, पटकथा तमुक, संवाद ढमुक, मग रंगभूषा, केशभूषा, वेशभूषा, अगदी जेवणाची व्यवस्था पाहणाऱ्याचंही नाव येतं. पण ज्यानं बीड जिल्ह्यात या मालिका वर्षानुवर्षं चालवल्या, त्याचं नाव एकाही पाटीवर कधी आलं नाही. सरकारी भाषेत त्याला भारनियमन म्हणतात. आम्ही 'लाइट गेली' म्हणतो.

पुण्याच्या माणसाला हे पटायचं नाही. लाइट गेल्यावर मालिका बंद पडते, चालते कशी, असं तो विचारेल. पुण्यानं २००६ साली बिलात थोडे जास्तीचे पैसे मोजून भारनियमनातून आपली मान सोडवून घेतली. आम्हाला ती सोय नव्हती. परळीचं औष्णिक वीज केंद्र १९७१ पासून आमच्याच जिल्ह्यात उभं आहे. पण राख आमच्या वाळवणावर आणि वीज तारेवरून परगावी, अशी वाटणी ठरलेली. २०१५ च्या दुष्काळात तर पाणी नाही म्हणून ते केंद्रच बंद पडलं, तेव्हा राखेलाही आम्ही मुकलो.

तर २००५ नंतरची ती वर्षं. खेड्यात दिवसाचे बारा-बारा तास लाइट नसायची. वाहिन्यांची पद्धत अशी, की रात्री दाखवलेला भाग दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा दाखवायचा. रात्री हुकलं तर दुपारी बघा, साधा हिशोब. पण भारनियमनाचं वेळापत्रक करणारे साहेब आणि मालिकांचं वेळापत्रक करणारे साहेब बहुतेक एका आईच्या पोटचे असावेत. रात्री सून दार उघडायची, आणि दारात कोण उभं आहे हे दिसायच्या आत लाइट जायची. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्या बाया पुन्हा जमायच्या, सून पुन्हा दार उघडायची, आणि पुन्हा लाइट गुल. पूर्वार्ध दोनदा पाठ, उत्तराचा पत्ता नाही. दारात कोण होतं?

या एका प्रश्नावर आमची गल्ली आठवडाभर जगायची.

उत्तरार्ध पुरवण्याचं काम आक्कांकडं होतं. आक्कांची थोरली लेक पुण्याला दिलेली, म्हणजे जिथं लाइट जात नाही तिथं. दुपारची जेवणं उरकली, भांडी पडली, की आक्का पुण्याला मिस्ड कॉल मारायच्या. लेक उलट फोन करायची. ती दोन मिनिटांत जे सांगायची त्याचा आक्का पाऊण तास करायच्या. मालिकेचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. आक्कांनी तिची जी गत केली ती कळली तर मूळ लेखकाला बरं वाटायचं नाही.

ओसरीवर सूप. सुपात शेंगा. डोक्यावर पंखा, पण नुसता शोभेला. एकजण लसूण सोलायली, एकजण वाती वळायली, तिसरीच्या मांडीवर झोपेला आलेलं पोर. आक्का शेंग फोडायच्या, दाणे सुपात, टरफल बाजूला. आणि गोष्ट ऐन मोक्यावर आली की नेमका एक दाणा तोंडात टाकून सावकाश चावत बसायच्या.

"मंग? दारात कोन व्हतं?"

"सांगते की. दम धर. दारात व्हती तिची जाऊ."

"अगं, जाऊ तर मेली नव्हं का मागल्या पंधरवड्यात?"

"मेली म्हनून सांगितलं. मढं कुनी बघितलं का?"

यावर सगळ्याजणी गप्प. मढं खरोखरच कुणी बघितलेलं नव्हतं, कारण त्याही दिवशी लाइट गेलेली होती.

वस्तुस्थिती अशी होती की लेकीनं फोनवर 'दारात कुरिअरवाला होता' एवढंच सांगितलं होतं. आक्कांना कुरिअरवाल्यात काही राम वाटेना. एवढ्या बाया कामधाम सोडून बसल्यात, त्यांच्यापुढं कुरिअरवाला काय ठेवायचा? म्हणून त्यांनी जावेला उठवून आणलं. ती जाऊ आमच्या गल्लीत पुढं कित्येक दिवस सुखानं नांदली. तिनं दागिन्यांचा डबा शोधला, सासूचं पितळ उघडं पाडलं, एकदा तर तिला मुलगाही झाला. मधेच एका दुपारी, खात्याच्या चुकीनं असावं, पूर्ण अर्धा तास लाइट राहिली, आणि पडद्यावर त्या जावेचं वर्षश्राद्ध चाललेलं दिसलं. बायांनी माना वळवून आक्कांकडं बघितलं. आक्का म्हणाल्या, "नाटकं करायलेत. जिमिनीत वाटा द्यावा लागंल म्हनून जित्तीचं सराध घालायलेत." बीड जिल्ह्यात हे कारण कुणालाही पटतं.

जुन्या दुपारच्या मालिका अशा चालत. निम्मी मालिका मुंबईत तयार व्हायची, निम्मी ओसरीवर.

ही रीत भारनियमनाच्याही आधीची. दूरदर्शनवर 'दामिनी' लागायची तेव्हा अंबाजोगाईच्या टॉवरकडं तोंड करून पत्र्यावर अँटेना बांधलेला असायचा. मराठीतली ही पहिली दैनंदिन मालिका. प्रतीक्षा लोणकर त्यात अन्यायाविरुद्ध लढणारी पत्रकार झाल्या होत्या. दुपार कलली की ती लागायची आणि त्याच वेळेला वारा सुटायचा. मग पडद्यावर मुंग्या. मुंग्यांमधून दामिनीचा आवाज ऐकू यायचा आणि ती कुणावर चिडलीय हे दिसायचं नाही, त्यामुळं प्रत्येकजण आपापला शत्रू तिथं बसवायचा. तलाठी, मुकादम, थोरला दीर. 'दामिनी' लोकप्रिय का झाली यावर पुष्कळांनी लिहिलं असेल. मुंग्यांचा वाटा मात्र कुणी दिला नाही.

मालिकावाल्यांना आमची ही भागीदारी माहीत असण्याचं कारणच नव्हतं. कोण काय बघतं याची मोजणी तेव्हा शहरापुरती होती. गावखेड्यांची पसंती मोजायला 'बार्क'नं २०१५ साली सुरुवात केली. म्हणजे आक्कांच्या ओसरीचा सगळा सुवर्णकाळ टीआरपीच्या खिजगणतीतच नव्हता. शहरात यंत्र लावून जे कळलं त्यावरून साहेबांनी धरून चाललं, की लोकांना मालिकेतली गोष्ट आवडते. आणि गोष्ट आवडते म्हणजे ती पुन्हा दाखवली, तिचा दुसरा भाग काढला, की लोक पुन्हा येतील.

तर असे प्रयोग सुरू झाले.

'अग्गंबाई सासूबाई' चांगली चालली म्हणून २०२१ मध्ये तिच्या पुढची 'अग्गंबाई सूनबाई' आली. सासू-सासरे तेच, निवेदिता सराफ आणि गिरीश ओक. पण मुलगाही बदलला आणि सूनही बदलली. काही महिन्यांत गाशा गुंडाळला. याचं खापर दुपारवर फोडता येत नाही, ती रात्रीची होती. पण आमच्या गल्लीचा आक्षेप वेळेबद्दल नव्हताच. "पोरगा बी दुसरा, सून बी दुसरी, मंग सासू कुनाची ही?" हा आक्कांचा प्रश्न कायद्याच्या दृष्टीनं बिनतोड होता. आमच्याकडं सोयरीक मोडायची म्हटलं तरी चार माणसं बसतात, पानसुपारी होते. इथं एका सोमवारी नवीन नवरा येतो आणि घरात कुणी 'तुम्ही कोण' असंही विचारत नाही.

'आई कुठे काय करते' ही काही पुनरुज्जीवित मालिका नव्हे, पण दुपारचा विषय तिच्याशिवाय पुरा व्हायचा नाही. २०१९ पासून रात्री जोरात चाललेली तिची नायिका अरुंधती २०२४ मध्ये दुपारी अडीचला आणली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मालिका संपली. मालिका दुपारी पाठवली की पेन्शनचे कागद तयार झाले असं समजायचं. दुपारी काहीच चालत नाही असं मात्र कुणी म्हणू नये. 'मुरांबा' २०२२ पासून दुपारचीच, आणि चांगली टिकली. पण ती नवी. तिच्याकडं कुणी आपली हरवलेली दुपार मागायला जात नाही, म्हणून तिचं बरं चाललं.

खुद्द दामिनीही परत आली. २०२५ च्या ऑक्टोबरात सह्याद्रीवर 'दामिनी २.०' सुरू झाली. नवी दामिनी, नवा काळ, आणि वेळ संध्याकाळची. आमच्याकडं संध्याकाळी धारा काढायच्या असतात, भाकऱ्या टाकायच्या असतात, आणि त्या महिन्यात तर अतिवृष्टीनं झोपलेल्या कापसाचे पंचनामे चाललेले. त्यात चित्र इतकं लख्ख, की दामिनी कुणावर चिडलीय ते स्पष्ट दिसतं. तलाठ्याला आता तिथं बसवायची सोय राहिली नाही.

हे आपल्याकडंच झालं असं नाही. अमेरिकेत 'ऑल माय चिल्ड्रन' आणि 'वन लाइफ टू लिव्ह' या दुपारच्या दोन मालिका चाळीस-चाळीस वर्षं चालल्या. पहिली १९७० ची, दुसरी १९६८ ची. म्हणजे सासवांनी बघितल्या, सुनांनी बघितल्या, सुनांच्या सुनांनी बघितल्या. एबीसी वाहिनीनं त्या बंद केल्या तेव्हा प्रेक्षकांनी केवढा गहजब केला. म्हणून एका कंपनीनं २०१३ च्या एप्रिलमध्ये त्या इंटरनेटवर पुन्हा सुरू केल्या. आठवड्याला प्रत्येकी चार भाग. केव्हाही बघा, कुठंही बघा. झालं काय, तर 'केव्हाही' म्हटल्यावर लोक 'नंतर' म्हणाले. भाग साचत गेले. प्रेक्षक मागं पडतायत हे बघून कंपनीनं महिनाभरातच आठवड्याचे चाराचे दोन केले, आणि वर्ष संपायच्या आत दोन्हीचं शून्य झालं. ज्यांनी बंद करू नका म्हणून पत्रं पाठवली होती, त्या बायका आता कुठं होत्या? मला वाटतं त्या तिथंच होत्या; फक्त त्यांना ठरलेल्या वेळेला हाका मारणारं कुणी उरलं नव्हतं. "ए, लागलं गं!" अशी भिंतीपलीकडून हाक आल्याशिवाय मालिका बघायची असते हे बाईमाणसाला पटत नाही.

इथं जाणकार वाचक मला अडवणार, हे मला माहीत आहे. 'क्योंकि सास भी कभी बहू थी' २००८ साली संपली आणि २९ जुलै २०२५ ला पुन्हा सुरू झाली, ती कशी चालली? मधल्या काळात तिच्यातली तुलसी दिल्लीत केंद्रीय मंत्री होऊन आली, तरी बायांनी तिला घरात घेतलं. खरं आहे. पण ती पहिल्यापासून रात्री साडेदहाची. आणि रात्र अजून जागेवर आहे. दहा-साडेदहाला घरोघर माणसं भुईला पाठ टेकतात, आजही टेकतात. दुपारचं तसं नाही. दुपार गेली.

कुठं गेली म्हणाल तर आमच्या गल्लीतच बघा. दोन वाजता बचत गटाची बैठक. त्यातून सुटलं तर लाडक्या बहिणीची ई-केवायसी. ओटीपी येत नाही म्हणून तीन-तीन दुपारी सेतूवाल्याच्या दारात. एकीनं शिलाई मशीन घेतलंय, एकीनं पार्लर काढलंय. ओसरी पाडून तिथं स्लॅबचं घर झालं; ओसरीच्या जागी लोखंडी गेट, आणि गेटला आतून कुलूप. उन्हाळ्यात टँकर यायचा असतो, आणि तो दुपारीच येतो, कारण उन्हाची वेळ सोडून पाणी आलेलं बीड जिल्ह्याला सोसत नाही.

शिवाय निम्म्या जिल्ह्याला दुपार कधी नव्हतीच. दिवाळी झाली की शिरूर कासार, पाटोदा, वडवणी, धारूर, केजच्या वाड्या-तांड्यांवरून टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल अंगावर, आणि मुक्काम कुठल्या तरी कारखान्यापाशी कोपीत. पहाटे फडात गेलेली बाई दुपारी मोळ्या बांधत असते. तिला मालिकेची वेळ विचारली तर ती तुमच्याकडं बघणारही नाही. अलीकडं मोबाइल आल्यावर रात्री कोपीत दहा मिनिटं काहीतरी बघून होतं, तेवढ्यात डोळा लागतो. मालिका पुढं चालत राहते. भारनियमनाचं काम आता झोप करते.

दुपारसारखी सवड परत मिळाली तर काय होतं, याचा सरकारी खर्चानं एकदा प्रयोग झालेला आहे. मार्च २०२० ची टाळेबंदी. २८ तारखेपासून दूरदर्शननं १९८७ चं 'रामायण' पुन्हा लावलं. तेच अरुण गोविल, तेच धनुष्य, तेच बाण हवेत एकमेकांना भिडून थबकलेले. तेहतीस वर्षांत त्यात एक अक्षर बदललेलं नव्हतं. आणि देशानं ते असं बघितलं, की जणू रावणाचं काय होणार हे कुणाला ठाऊकच नाही! रामायण तेच होतं. माणसं घरी होती. सगळी, एका खोलीत, आणि उठून जायला जागा नाही. आक्का तेवढं एक बोलल्या, की चौदा वर्षं वनवास हे जरा जास्तच ताणलंय. राम आधी गेला, मग टाळेबंदी उठली आणि लोकही गेले.

संथपणाची तक्रार तर बीडकरानं करूच नये. नव्वदच्या दशकात मंजूर झालेली रेल्वे १७ सप्टेंबर २०२५ ला बीडच्या स्टेशनात आली. तीस वर्षं आम्ही 'पुढील भागात' एवढीच पाटी वाचत होतो. मालिकेतल्या सुनेला जिना उतरायला तीन दिवस लागतात म्हणून आमच्यापैकी कुणी टीव्ही बंद केलेला नाही. उलट ती सावकाश उतरते म्हणूनच बरं होतं. तेवढ्यात चुलीवरचं दूध बघून येता यायचं. जुन्या दुपारच्या मालिका कानानं बघायच्या होत्या. हात कामात, डोळे सुपात, आणि कान पडद्याकडं. हल्ली हात मोबाइलवर, डोळे मोबाइलवर, आणि कानात बोंडं. अशा माणसापुढं जिना उतरणारी बाई काय करणार?

परवा आक्कांच्या नातीनं एक कारभार केला. पोरगी अंबाजोगाईला बी.एस्सी. करते. सुट्टीत आली आणि मोबाइलवर तिनं आजीची ती जुनी मालिका शोधून काढली. सगळे भाग, पहिल्यापासून शेवटपर्यंत, सलग. लाइट जायची भानगड नाही, वारा नाही, मुंग्या नाहीत. आक्कांनी चष्मा पुसला, मोबाइल लांब धरला, जवळ धरला. सुनेनं दार उघडलं.

"ह्यो कोन?"

"कुरिअरवाला, आजी."

"जाऊ कुठंय?"

"कोणती जाऊ? ती तर मागंच वारली की."

आक्कांनी मोबाइल खाली ठेवला. "हे काटछाट करून टाकलेलं दिसतंय," त्या म्हणाल्या. "असं नव्हतं ते."

नात हुज्जत घालायला लागली, की आजी हीच खरी मालिका, हे बघ नाव, हे बघ तारीख. आक्का ऐकेनात. त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. आमच्या गल्लीनं जी मालिका बघितली तीत दारात जाऊच उभी होती. आता कुणी किती का पैसे घालून ती मालिका पुन्हा उभी करेना, जुने नट आणेना, वाड्याला नवा रंग देईना. दार उघडलं की तिथून कुरिअरवालाच निघणार. तो निघाला की बाया म्हणणार, पूर्वीची मजा राहिली नाही.

मग नातीनं हट्टानं विचारलं, तर तुझी मालिका कशी होती ते सांग. आक्का सांगायला लागल्या. पोरगी हुशार, तिनं ते मोबाइलवर टेप केलं आणि पुण्याच्या आत्याला पाठवून दिलं. जाऊ, दागिन्यांचा डबा, जित्तीचं सराध, सगळं. आत्या म्हणजे तीच, जिनं एकेकाळी फोनवरून कुरिअरवाला पुरवला होता. तिनं ते सोसायटीतल्या बायकांच्या ग्रुपवर टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच पुण्याहून फोन: "आई, बाया जीव खायल्यात माझा. जावेच्या पोराचं पुढं काय झालं? आजचा भाग कधी?"

"आज न्हाई," आक्का म्हणाल्या. "आज टँकर यायचाय."